अळवाच्या दलदलीतली डोडोची हाडं: मॉरिशस, १८६५

पार्श्वभूमी

१८२९ साली मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये, काही अभ्यासू मंडळींनी निसर्गविज्ञानाची एक संस्था काढली. चार्ल्स टेल्फेअर हा बेलफास्टचा शल्यवैद्य, वेन्सेस्लास बोयेर हा बोहेमियातून आलेला वनस्पतिअभ्यासक आणि जूलियाँ देजार्दँ हा बेटावरचाच निसर्गअभ्यासक, ही त्यातली ठळक नावं. बेट इंग्रजांच्या ताब्यात येऊन एकोणीस वर्षं झाली होती. कारभार इंग्रजी आणि सुशिक्षित वर्गाची बोली फ्रेंच, त्यामुळे संस्थेचं मूळ नावही फ्रेंचच होतं. १८४७ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ती 'रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेस ऑफ मॉरिशस' झाली. देजार्दँच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहातून १८४२ मध्ये पोर्ट लुईचं संग्रहालय उभं राहिलं.

या मंडळींचं काम मनापासूनचं होतं. मासे, पक्षी, झाडं, वादळं, ऊस, जे समोर येईल त्यावर ते टिपणं वाचत, नमुने जपत, युरोपातल्या विद्वानांशी पत्रव्यवहार करत. पण या अभ्यासामागची फुरसत आणि पैसा बहुतेक वेळा उसाच्या मळ्यातून येत होता. टेल्फेअर स्वतः बेल ओंब्र या मळ्याचा मालक होता आणि तो मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण त्याच्या आधीच, १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साधारण साडेचार लाख माणसं अशी बेटावर उतरली. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत. रत्नागिरी, सावंतवाडीकडची कुटुंबं त्यातूनच गेली आणि आजचा मॉरिशसचा मराठी समाज त्यांच्यातूनच उभा आहे.

या प्रकरणातली मुख्य वस्तू मात्र माणसांच्या या ये-जा करण्याच्या कितीतरी आधीची आहे. १५९८ मध्ये डच खलाशी बेटावर आले तेव्हा तिथे डोडो होता. न उडणारा, कबुतराच्या कुळातला, टर्कीपेक्षा मोठा पक्षी. त्याला शेवटचं पाहिल्याची सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जाणारी नोंद १६६२ ची आहे. डुकरं, माकडं, उंदीर आणि जंगलतोड यांनी शंभर वर्षांच्या आत त्याचा निकाल लावला.

अडचण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डोडोबद्दल जे काही हातात होतं ते सगळं युरोपात होतं. ऑक्सफर्डला एक डोकं आणि एक पाय, लंडनला एक पाय, कोपनहेगनला एक कवटी, प्रागला चोचीचा तुकडा. बाकी सारी चित्रं आणि खलाशांची वर्णनं. डोडो कबुतराच्या कुळातला असं १८४२ मध्ये डॅनिश अभ्यासक राइनहार्ट यांनी सुचवलं. १८४८ मध्ये स्ट्रिकलंड आणि मेलव्हिल यांनी ते ग्रंथरूपाने पक्कं केलं. त्यांनीही अभ्यासले ते युरोपातले हेच अवशेष. ज्या बेटावर हा पक्षी जगला आणि मेला, तिथे त्याचं एकही हाड सापडलेलं नव्हतं.

संस्थेच्या मंडळींना हे सलत होतं. त्यांनी शोधही घेतला होता, आणि त्या शोधात एक चूक घडली होती जी पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. १८३० मध्ये पॅरिसला कुव्हिएच्या हाती काही हाडं पोहोचली. ती मॉरिशसमधली, डोडोची आहेत असं त्याने धरलं. प्रत्यक्षात ती रॉड्रिग्ज या शेजारच्या बेटावरच्या गुहेतली होती, आणि पक्षीही वेगळा, 'सॉलिटेअर' नावाचा. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शरीररचनातज्ज्ञाची फसगत झाली, कारण हाडांबरोबर त्यांचं ठिकाण नीट गेलं नाही. ही ठेच ताजी असती तर १८६५ मध्ये काही गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या, असं मला वाटतं.

शोध कुठे घ्यायचा

बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या माहेबूर गावातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक जॉर्ज क्लार्क यांनी या प्रश्नाचा सगळ्यांत पद्धतशीर विचार केला. त्यांची मांडणी साधी होती. बेटावरची जमीन बहुतेक ठिकाणी घट्ट चिकणमाती किंवा खडकाळ. अशा जमिनीवर पडलेलं हाड आत गाडलं जाणार नाही. उन्हापावसात ते उघडंच राहील आणि मुसळधार पाऊस ते वाहून नेईल. मग हाडं टिकतील ती फक्त जिथे गाळ साचतो तिथे. माहेबूरच्या खाडीजवळ तसा गाळाचा पट्टा होता, म्हणून क्लार्कनी तिकडे लक्ष वळवलं.

हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत सुंदर वाटतो. मुख्याध्यापकाकडे ना पैसा होता ना यंत्रणा. त्यांनी पक्ष्याचा विचार बाजूला ठेवला आणि मातीचा केला.

जागा अखेर हाती आली ती वेगळ्या वाटेने. माहेबूरपासून जवळ, प्लेझान्स मळ्यावर, 'मार ओ सोंज' नावाची दलदल होती. अळू माजलेली, नावही त्यावरूनच. मळ्याचे मालक गास्ताँ दे बिसी यांनी तिथला काळा, कुजलेला गाळ खत म्हणून उपसायला मजूर लावले होते. गाळाबरोबर मोठ्या कासवांची हाडं वर येऊ लागली. क्लार्कना हे कळलं आणि त्यांनी ताडलं की कासवं जिथे आहेत तिथे डोडोही असणार.

सुरुवातीला मजुरांनी काठाचा गाळ चाळला, पण डोडोचं काही मिळेना. तेव्हा क्लार्कनी माणसांना दलदलीच्या मध्यावर उतरवलं. तिथे सुमारे तीन फूट पाणी होतं आणि तळाशी पाला-फांद्यांचा थर. मजूर पायांनी तळ चाचपत गेले. पायाला टणक लागलं की वाकून वर काढायचं. अशा रीतीने डोडोच्या पायाची हाडं निघाली, आणि मग ती निघतच राहिली.

याच घटनेची दुसरी हकिकत हॅरी हिगिन्सन यांची आहे. ते रेल्वेचे अभियंता. पोर्ट लुईहून माहेबूरला जाणारा मार्ग तेव्हा पूर्ण होत आला होता. एका सकाळी भरावावरून चालताना त्यांना खाली मजूर गाळ उपसताना दिसले. मजूर हाडं गाळातून वेगळी करून ढीग लावत होते. हिगिन्सननी त्यातली आशादायक वाटलेली हाडं खिशात घातली आणि क्लार्ककडे नेली. दोघांनी ती स्ट्रिकलंडच्या ग्रंथातल्या चित्रांशी ताडून पाहिली आणि डोडो ओळखला.

क्लार्कनी एप्रिल १८६६ मध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात हिगिन्सनचं नाव घेतलं नाही. हिगिन्सनच्या आठवणीत क्लार्कची मातीची मांडणी नाही. कोण आधी यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. मला त्यापेक्षा दोन्ही हकिकतींत जे समान आहे ते महत्त्वाचं वाटतं. दोन्हीत दलदलीत उभी असलेली माणसं मजूर आहेत, दोन्हीत हाडाला पहिला हात त्यांचा लागतो आणि दोन्हीत त्यांना नाव नाही. हिगिन्सनची हकिकत खरी धरली तर त्याहून पुढची गोष्ट दिसते. कुणी विद्वान तिथे पोहोचण्याआधीच ही माणसं हाड आणि कचरा वेगळा करत होती. संग्रहाची पहिली निवड त्यांनी केली.

हाडांचं काय करायचं

आता क्लार्कसमोर चार रस्ते होते.

पहिला जवळचा. हाडं पोर्ट लुईच्या संग्रहालयात ठेवायची आणि वृत्तांत सोसायटीच्या सभेत वाचून तिच्याच 'ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात छापायचा. त्यामुळे शोध बेटाच्या नावावर नोंदला गेला असता. उणीव अशी, की हाडं इतर पक्ष्यांच्या सांगाड्यांशी ताडून पाहायला लागणारा संग्रह आणि तसा तज्ज्ञ तिथे नव्हता.

दुसरा रस्ता एडवर्ड न्यूटन यांच्यामार्फत. ते वसाहतीच्या सचिवालयातले वरिष्ठ अधिकारी आणि जाणते पक्षिअभ्यासक. त्यांचे भाऊ आल्फ्रेड न्यूटन केंब्रिजला, आणि दोघांनी मस्करीन बेटांच्या (मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि रेयुनियाँ) नामशेष पक्ष्यांचा विषय मनाशी धरलेला. इथे अभ्यासकही होता आणि त्याला बेटाची प्रत्यक्ष ओळख असलेला भाऊही होता.

तिसरा रस्ता रिचर्ड ओवेन. ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागांचे प्रमुख आणि त्या काळी हाडांच्या बाबतीतला सर्वांत वजनदार माणूस. त्यांच्या हाती हाडं गेली की जगाचं लक्ष गेलं म्हणून समजा.

चौथा रस्ता बाजाराचा. डोडोच्या हाडांना लंडनमध्ये गिऱ्हाईक होतं.

प्रत्यक्षात काय घडलं

क्लार्कनी एकाऐवजी जवळपास सगळेच बाहेरचे रस्ते धरले. हाडं ओवेनकडे गेली, आल्फ्रेड न्यूटनसाठी वेगळा वाटा पाठवला गेला आणि १८६६ मध्ये लंडनमध्ये काही हाडांचा लिलावही झाला. हिगिन्सननी आपली खोकी लिव्हरपूल, लीड्स आणि यॉर्कच्या संग्रहालयांना पाठवली.

न्यूटनसाठीचा वाटा लंडनला पोहोचल्यावर ओवेननी तो आपल्या ताब्यात घेतला. जानेवारी १८६६ मध्ये त्यांनी झूऑलॉजिकल सोसायटीपुढे डोडोच्या सांगाड्याचं वर्णन वाचलं आणि त्याच वर्षी ग्रंथ काढला. आल्फ्रेड न्यूटन मागे सरले आणि त्यांनी सॉलिटेअरकडे मोर्चा वळवला. दोन्ही भावांचा सॉलिटेअरवरचा अभ्यास १८६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. तो आजही आदराने वाचला जातो.

या वागण्यात ओवेनचा लोभ उघड आहे. पण केवळ त्यांना दोष देऊन हे प्रकरण कळत नाही. पाठवणाऱ्याच्या बाजूने कोणती हाडं कुणाला, कोणत्या अटीवर, आधी छापण्याचा हक्क कुणाचा, याचा लेखी करार नव्हता. हे काम एका मुख्याध्यापकाचं नव्हतं, संस्थेचं होतं. राजसनद असलेली, स्वतःचं नियतकालिक असलेली सोसायटी पोर्ट लुईमध्ये हजर होती. बेटाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला वैज्ञानिक शोध तिच्या दारावरून पुढे गेला आणि वाटाघाटी व्यक्तींच्या खासगी पत्रांतून झाल्या.

परिणाम

सांगाडा उभा राहिला, हे यश लहान नाही. डोडो ही खलाशांची अतिशयोक्ती असावी अशी शंका घेणारे गप्प झाले. कबुतराशी असलेलं नातं हाडांतून दिसलं.

पण पहिल्याच चित्रात चूक झाली. सतराव्या शतकातल्या सेव्हरी या चित्रकाराच्या चित्रातली गुबगुबीत आकृती ओवेननी आधाराला घेतली आणि सांगाडा त्या बाह्यरेषेत बसवला. पक्षी बसका, दबलेला झाला. १८७२ मध्ये त्यांनी स्वतःच तो ताठ उभा केला, पण तोवर बसका डोडो लोकांच्या मनात घर करून बसला होता.

दुसरी हानी खोल आणि कायमची आहे. हाडं कोणत्या खोलीवर होती, कोणती एकमेकांजवळ होती, कोणत्या थरात कासव होतं आणि कोणत्या थरात बी-फळं, यातलं काहीही लिहिलं गेलं नाही. त्यामुळे दलदलीतून गेलेल्या हाडांपासून जगभरच्या संग्रहालयांत जे सांगाडे उभे राहिले ते अनेक पक्ष्यांची हाडं जुळवून केलेले आहेत. उजवा पाय एकाचा, डावा दुसऱ्याचा, मान तिसऱ्याची. एका पक्ष्याच्या शरीराची प्रमाणं मोजायची तर असा सांगाडा उपयोगाचा नाही.

पायांनी चाचपण्याच्या पद्धतीचाही परिणाम झाला. चिखलात पायाला लागतं ते मोठं हाड. बोटांची पेरं, लहान पक्ष्यांची हाडं, बिया, शंख यांचा पायाला पत्ताही लागत नाही. संग्रह मोठ्या हाडांकडे झुकला तो तिथेच, त्या तीन फूट पाण्यात. शोधाची पद्धत ठरवली तेव्हाच काय सापडणार नाही हेही ठरून गेलं होतं.

१८८९ मध्ये तेओदोर सोझिए यांनी त्याच दलदलीत पुन्हा खोदकाम करवलं. डोडोची आणखी हाडं मिळाली, इतर नामशेष प्राण्यांची मिळाली, आणि एडवर्ड न्यूटन यांनी हान्स गाडोबरोबर त्यांचा अभ्यास १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हाही थरांची नोंद झाली नाही. एका पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, ल पूस डोंगराच्या परिसरात, आणि शोधणारा होता पोर्ट लुईचा एक केशकर्तनकार, एत्येन तिरिऊ. तो सांगाडा आज पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे.

दलदलीचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. १८६६ ते १८६८ दरम्यान हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो माणसं दगावली. सर्वांत जास्त मार बसला तो गरिबांना, त्यातही मजुरांना. हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस स्वतः १९०७-०८ मध्ये बेटावर आले आणि साचलेलं पाणी नाहीसं करण्याचा आग्रह धरला. मार ओ सोंज १९४० च्या दशकात दगड टाकून बुजवली गेली. जागा हळूहळू विसरली गेली. २००५ मध्ये डच आणि मॉरिशसच्या अभ्यासकांना दगडांखाली हाडांचा थर जसाच्या तसा सापडला. या वेळी थर, खोली, बिया, परागकण, सगळं नोंदलं गेलं. थर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा निघाला. सर्वाधिक हाडं मोठ्या कासवांची होती. दीर्घ दुष्काळात पाण्यासाठी इथे गोळा झालेले प्राणी मोठ्या संख्येने मेले असावेत असा निष्कर्ष पुढे आला. म्हणजे डोडो माणूस येण्याआधी हजारो वर्षं असे दुष्काळ सोसून तगला होता. त्याच्या नाशाचा हिशेब माणसाकडे आणि माणसाने आणलेल्या जनावरांकडेच जातो. हे १८६५ मध्येच कळू शकलं असतं असा माझा दावा नाही, कारण काळ मोजायची साधनंच नव्हती. पण जे हरवलं त्याची किंमत २००५ नंतरच्या कामावरून कळते.

वेगळं काय करता आलं असतं

त्या काळाला न झेपणाऱ्या अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होईल. म्हणून फक्त १८६५ मध्ये शक्य होतं तेवढंच मांडतो.

खुणा केलेली काठी आणि दोरीचे चौकोन पुरेसे होते. बेटावर भूमापक होते, रेल्वेचे अभियंते तर दलदलीशेजारीच काम करत होते. भरावाची उंची इंचात मोजणारी माणसं तिथे उभी असताना दलदलीची खोली कुणी मोजली नाही. थर पाहणं, त्यांचा क्रम लिहिणं ही भूविज्ञानाची पद्धत तोवर जुनी झाली होती. कुव्हिएची १८३० मधली फसगतही छापील स्वरूपात उपलब्ध होती.

सोसायटीने मध्ये पडून एक संच पोर्ट लुईत ठेवायला हवा होता, बाकीच्यांची यादी करून आकडे टाकून पाठवायला हवे होते आणि पहिलं निवेदन स्वतःच्या सभेत वाचून तारखेसह छापायला हवं होतं. शरीररचनेचं सविस्तर वर्णन ओवेननी केलं असतं तरी चाललं असतं. एडवर्ड न्यूटनसारखा माणूस हाताशी असताना ही मध्यस्थी अवघड नव्हती.

आणि नावं. इथे मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. 'त्या काळी मजुरांची नावं कोण लिहीत होतं' असं उत्तर सहज दिलं जातं. मॉरिशसपुरतं ते खरं नाही. तिथे मजुराचं नाव जितकं काटेकोरपणे लिहिलं जाई तितकं क्वचितच कुठे लिहिलं गेलं असेल. उतरणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक दिला जाई. नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज, सगळं रजिस्टरमध्ये जाई. पळून गेला तर ओळखता यावा, करार मोडला तर शिक्षा करता यावी, म्हणून हा खटाटोप होता. ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत, आणि कोकणातलं आपलं गाव शोधणारी मॉरिशसची मराठी कुटुंबंही तिथेच जातात.

वर्णाची भिंतही पूर्वी एकदा ओलांडली गेली होती. लिस्ले जॉफ्रॉय हा गुलाम आफ्रिकी स्त्रीचा मुलगा. नकाशे आणि हवामानाच्या नोंदी यांच्या बळावर १७८६ मध्ये तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा पत्रव्यवहारी सदस्य झाला. म्हणजे बेटाच्या ज्ञानपरंपरेत रंगाच्या पलीकडे श्रेय देण्याचं उदाहरण ऐंशी वर्षं आधीचं होतं.

तेव्हा प्लेझान्सच्या मजुरांची नावं लिहिण्यासाठी नवी पद्धत शोधावी लागणार नव्हती. मळ्याच्या हजेरीपटावर ती असणारच. क्लार्कनी आपल्या वृत्तांतात चार नावं घातली असती तर एक ओळ वाढली असती.

आज एक काम करता येण्यासारखं आहे. रजिस्टरमध्ये उतरल्यानंतर मजूर कोणाकडे दिला गेला त्याच्या नोंदी आहेत. १८६५ च्या आधीच्या वर्षांत प्लेझान्स आणि आसपासच्या मळ्यांवर पाठवलेल्या माणसांची यादी त्यातून काढता येईल. दलदलीत नेमकं कोण उतरलं ते यादीवरून सिद्ध होणार नाही, पण ती माणसं कोणत्या जिल्ह्यांतून आली, कोणत्या बंदरातून निघाली, त्यांतले किती जण १८६७ च्या साथीत गेले, हे कळू शकेल. डोडोचे सांगाडे जिथे जिथे मांडलेले आहेत, तिथल्या माहितीफलकावर क्लार्क आणि ओवेन यांच्याबरोबर ही यादीही लागायला हवी.